गुरुवारी सुट्टी असलेले शहर

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात नव्याने आलेला माणूस पहिल्या आठवड्यात गोंधळतो तो वारांमुळे. इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. कारण अगदी रुक्ष आहे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकीचे सहा दिवस एकदम चालू राहिले, तर विजेचा भार पेलणार कसा? म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक वसाहतींना वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला. वीज मंडळाच्या या हिशेबाने दोन-तीन पिढ्यांचे घरगुती वेळापत्रक ठरवून टाकले. वडिलांना सुट्टी तेव्हा पोरे शाळेत, पोरांना सुट्टी तेव्हा वडील पहिल्या पाळीला. लग्नाचा मुहूर्त रविवारचा निघाला की अर्धी मित्रमंडळी रजेचा अर्ज घेऊन सुपरवायझरपुढे उभी. भाजी मंडई, केस कापणे, गावाकडच्या पाहुण्याला स्टेशनवर आणायला जाणे, सगळे गुरुवारी.

आणि गुरुवार तर दत्ताचा! स्वामी समर्थांचा, साईबाबांचा, गजानन महाराजांचा. बाकीच्या महाराष्ट्रात गुरुवारी आरतीला जायचे म्हणजे ऑफिसातून धावतपळत जायचे. इथला कामगार त्या दिवशी निवांत आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सहकुटुंब जाऊ शकत होता. उपनगरांतल्या दत्तमंदिरांत आणि स्वामींच्या केंद्रांत गुरुवारी दिसणाऱ्या गर्दीचे थोडे श्रेय वीज मंडळालाही द्यायला हरकत नाही.

हा कामगार बहुतेक बाहेरून आलेला. कोरी जागा दिसली की माणसे कामासाठी धाव घेतात, मग एकमेकांना अनोळखी अशा त्या माणसांचे गाव होते. हे जगभर घडत आले आहे. अमेरिकेच्या इतिहासात अशा सरहद्दीवरच्या वसाहतींना मोठे स्थान आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली शिकागोत वाचलेल्या निबंधात तर अमेरिकी स्वभावच या सरहद्दीने घडवला, असा दावा केला. डाकोटातले डेडवूड हे तसले एक गाव. सोने सापडल्याची हूल उठली आणि १८७६ मध्ये ते रातोरात वसले. दारूचे गुत्ते आणि जुगाराचे अड्डे आधी आले, देव मागून. हेन्री वेस्टन स्मिथ नावाचा मेथडिस्ट उपदेशक तिथे गुत्त्यांच्या मधल्या रस्त्यावर उभा राहून प्रवचन करी. त्या वर्षी २० ऑगस्टच्या रविवारी, शेजारच्या क्रूक सिटीला प्रवचनाला जातो अशी चिठ्ठी खोपटावर लावून तो पायी निघाला आणि वाटेत मारला गेला. त्या सरहद्दीवर देव असा फिरतीवर असे. देऊळ बांधण्याइतकी माणसे टिकली तर देऊळ, नाहीतर घोड्यावरून येणारा उपदेशक.

पवना आणि इंद्रायणीच्या काठची गोष्ट बरीच वेगळी. इथे कारखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून देव बसलेला होता. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी. तिथून भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते, ती आजही. उत्तरेला देहू आणि आळंदी. भोसरीत भैरवनाथ, आकुर्डीत खंडोबा, वाकडला म्हातोबा. डेडवूड ज्या जमिनीवर वसले ती करारान्वये लाकोटा लोकांची होती आणि त्यांना तिथून हुसकावण्यात आले. इथल्या गावकऱ्यांची जमीन गेली, पण गावकरी कुठे गेले नाहीत. देव त्यांचा, मान त्यांचा आणि पुढे नगरसेवकही त्यांचाच. बाहेरून आलेल्यांना या जुन्या व्यवस्थेत शिरायचे होते किंवा तिच्या शेजारी आपली मांडायची होती. या शहराचा सामाजिक इतिहास म्हणजे बहुतांशी त्या मांडामांडीचाच इतिहास आहे आणि तो कारखान्यांच्या इतिहासाइतका लिहिला गेलेला नाही.

पहिले मोठे आगंतुक कामासाठी आलेच नव्हते. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेल्या कुटुंबांसाठी पिंपरीत निर्वासितांची छावणी झाली. रेल्वेमार्ग आणि पवना यांच्या मधला तो भाग. छावणी कधीच संपली, पण ‘पिंपरी कॅम्प’ हे नाव चिकटले ते कायमचे. सिंधी माणसाने सोबत आणलेली धर्मरीत मराठी शेजाऱ्याला चटकन उलगडणारी नव्हती. दरबारात गुरु ग्रंथसाहिब, भिंतीवर झुलेलाल आणि बोलीत सूफी संतांची नावे. झुलेलाल ही नदीची देवता, माशावर बसलेली. सिंधू नदी तर सीमेपलीकडे राहिली. मग चेटीचंडला बहराणा निघतो, पिठाची मूठ, दिवा, खडीसाखर आणि फळे असलेले ताट मिरवत नेले जाते आणि विसर्जन होते पवनेत. जुलै-ऑगस्टमधला चाळीस दिवसांचा चालिहोही इथे पाळला जातो. नदी बदलली, विधी तोच राहिला.

याच कॅम्पाने पुढे सगळ्या औद्योगिक पट्ट्याला बाजारपेठ दिली. दिवाळीचा बोनस हातात पडला की भोसरी, निगडी, चिखलीपासूनची कामगार कुटुंबे कपडे-भांडी घ्यायला पिंपरीत. उधारीची वही सिंधी दुकानदाराकडे आणि हप्ता पगाराच्या तारखेला. दुकानाच्या गल्ल्याशी झुलेलालच्या शेजारी गणपती कधी आला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही, पण तो आला.

दुसरी घटना पिंपरीपासून थोड्याच अंतरावर, देहूरोडला घडली आणि तिचे मोल देशपातळीवरचे आहे. देहूरोड म्हणजे लष्कराच्या दारूगोळा-साठ्याभोवती वाढलेली वस्ती. डेपोत काम करणारे अनेक जण दलित समाजातले, काही दक्षिणेतून आलेले. इथल्या कार्यकर्त्यांनी एक विहार बांधला आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे त्याला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. तुकोबांच्या देहूजवळच, कामगारांच्या वस्तीत हे आधी घडले. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्धच असल्याचे आपले मतही मांडले होते. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर हे बोलायला धैर्य लागते. दरवर्षी २५ डिसेंबरला इथे दूरदूरहून अनुयायी येतात. नव्या वस्तीत जुने गावगाड्याचे ओझे थोडे सैल होते, म्हणून कदाचित असे काही आधी इथे उभे राहू शकले. गावात ज्याला देवळाबाहेर उभे राहावे लागले, त्याने इथे सरळ स्वतःचा विहार उभारला.

त्याच वर्षी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलीन बनवणारा हा सरकारी कारखाना. लोकांच्या तोंडी तो ‘एच. ए.’. त्याची वसाहत, शाळा आणि मैदान यांनी पिंपरीला पहिल्यांदा आखीव शहराची चव दाखवली. मैदानाचे सांगायचे तर शहरातल्या किती सभा, प्रदर्शने, सर्कशी आणि कीर्तन महोत्सव त्याने पाहिले असतील, कुणी मोजावे! मग १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि साठचे दशक संपेपर्यंत बजाज, टेल्को, एसकेएफ असे मोठे कारखाने आकुर्डी-चिंचवड-पिंपरीत धडाडू लागले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सतरा लाखांवर.

कामगार आला तो सातारा-सांगलीकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून, सोलापुराकडून. पुढे केरळ, पंजाब, बिहार, उत्तर प्रदेशातून. आधी एकटा. ‘कॉट बेसिस’वर खोली घ्यायची, म्हणजे भाडे खोलीचे नाही, खाटेचे. एकाच खाटेवर दिवसपाळीवाला रात्री आणि रात्रपाळीवाला दिवसा झोपायचा. जेवण खानावळीत. अमेरिकी सरहद्दीवर गुत्त्याला जे स्थान होते, ते इथे बरेचसे खानावळीला मिळाले. कुठल्या कंपनीत भरती निघाली, कोणता ठेकेदार पैसे बुडवतो, कुणाच्या बहिणीला स्थळ पाहायचे आहे, सगळ्या बातम्या तिथल्या बाकांवर. दारू नव्हती असे नाही. पगाराच्या रात्री ती होतीच आणि अनेक घरांनी तिची किंमत मोजली. पण नव्या माणसाची ओळख पटवण्याचे, जामीन राहण्याचे, आजारात डबा पोहोचवण्याचे काम खानावळीच्या मावशींनी आणि गावाकडच्या माणसांनी केले.

बायकामुले आल्यावर चित्र पालटले. शाहूनगर, संभाजीनगर, यमुनानगर अशा वसाहती भरू लागल्या. प्राधिकरणाचा पत्ता तर सेक्टर नंबरने सांगायचा. आळी नाही, पेठ नाही, वेस नाही, पार नाही. मग ‘मित्र मंडळ’ निघते. चार पोरे, एक वर्गणीची पावती पुस्तिका, मांडवाला लागणारे बांबू. गणपती दहा दिवसांचा, पण मंडळ बारा महिन्यांचे. रक्तदान शिबिर, नळाला पाणी का नाही याचा मोर्चा, प्रेताला खांदा द्यायला माणसे जमवणे, सगळे त्याच पाटीखाली. पुढे त्यातलाच एखादा अध्यक्ष पालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो. वर्गणीच्या दंडेलीबद्दल आणि स्पीकरच्या भिंतींबद्दल बोलावे तेवढे थोडे आहे. पण ज्या सेक्टरला नावही नव्हते, तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखू लागला तो याच मांडवात.

कारखान्याच्या आतही देव होताच. खंडेनवमीला भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावले तर कळते. आदल्या दिवशी दुपारनंतर काम थांबते. लेथखालच्या लोखंडी चिप्स झाडून काढतात, कूलंटचे ट्रे धुतात, बेडला तेलाचा हात फिरतो. मग चकला झेंडूची माळ, कंट्रोल पॅनेलवर हळदी-कुंकवाची पाच बोटे, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर पाटावर नीट मांडलेले. कालपर्यंत ‘रिजेक्शन किती?’ म्हणून डाफरणारा मालक आज सोवळ्यात नाही तरी नव्या शर्टात, बायको-मुलांसह. नारळ फोडायचा मान बहुधा सर्वांत जुन्या टर्नरला. उत्तर भारतातून आलेल्या कामगारांमुळे १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजाही आता तितक्याच थाटात होते. म्हणजे यंत्राला वर्षातून दोनदा हार. युनियन आणि मॅनेजमेंट एरवी एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसताना आरतीला शेजारी उभे राहिल्याचे किस्से या पट्ट्यात पुष्कळ ऐकायला मिळतात.

गावकऱ्यांचे काय झाले? ज्यांच्या शेतांवर शेड उभ्या राहिल्या, त्यांच्या हाती आधी तुटपुंजा मोबदला आला. उरलेल्या जमिनीला मात्र नंतरच्या काळात सोन्याचा भाव आला. खोल्या बांधून भाड्याने दिल्या, पाण्याचे टँकर, लेबर पुरवठा, भंगाराचे ठेके. ‘गाववाले’ आणि ‘बाहेरचे’ ही रेघ कागदावर नाही, पण भाडेकरूला ती रोज दिसते. आणि वर्षातून एकदा सगळ्या गावालाच दिसते, उत्सवाच्या दिवशी. भोसरीचे गावजत्रा मैदान नावापासूनच सांगते की ते कुणाचे. पालखीचा मान कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, कुस्तीचा आखाडा कुणी पूजायचा, हे ठरलेले असते. वीस वर्षे राहिलेला भाडेकरू त्यात वर्गणीदार असू शकतो, मानकरी नाही.

हिंजवडीचे बगाड हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाच्या उत्सवात हिंजवडीहून वाकडकडे बगाड निघते. लाकडाच्या उंच बगाडावर गळकरी चढतो, पाठीला गळ टोचून घेतलेला. हा मान ठरलेल्या घराण्याकडेच असतो. ज्या रस्त्याने हे बगाड जाते, त्याच परिसरात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. गॅलरीत उभा राहून मोबाइलवर चित्रण करणारा इंजिनिअर कदाचित हैदराबादचा असतो आणि तो ज्या इमारतीत राहतो ती गळकऱ्याच्या भावकीच्या शेतावर उभी असते.

बैलगाडा शर्यतींचेही असेच. चाकण-खेडच्या पट्ट्यात यात्रा म्हटली की घाट, म्हणजे शर्यतीचा मार्ग, आणि घाट म्हटला की बारी, म्हणजे गाड्याची धाव. निमगावच्या खंडोबाची यात्रा त्यासाठी प्रसिद्ध. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, तेव्हा या भागातल्या कित्येक गावांच्या यात्रा सुन्या झाल्या. तमाशाचा फड आणि बैलगाडे ही तर त्या यात्रांची दोन चाके. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, चिखलीत झालेल्या शर्यतीचे पहिले बक्षीस काय होते? जेसीबी! ज्या यंत्राने शेताचा बांध मोडला तेच यंत्र बैल जिंकून आणू लागला. प्राणिप्रेमींचे आक्षेप खोटे नाहीत. पण शेत नसताना बैल पाळणाऱ्या माणसाला त्या बैलात काय दिसते, हेही समजून घ्यायला हवे. सातबाऱ्यावर जमीन उरली नाही तरी दावणीला बैल आहे, म्हणजे आपण अजून शेतकरी आहोत, असे त्याला वाटते.

बाहेरून आलेल्यांनी आपापले देव आणले, पण ते जसेच्या तसे राहिले नाहीत. खानदेशाची कानबाई घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. नारळाला नथ-दागिने घालून, साडी नेसवून चौरंगावर स्थापना, रात्रभर अहिराणी गाणी आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून त्याचे रोट करतात आणि ते भाऊबंदांतच खायचे असतात. आता भाऊबंद तर धुळ्या-जळगावात. निगडी-चिखलीत शेजारी कोण, तर लातूरचा आणि कराडचा. त्यामुळे चार भिंतींतला आणि भावकीतला हा सण इथे रस्त्यावर आला. खानदेशी मंडळांनी मिरवणुका काढल्या, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका मुख्य रस्त्याने चालू लागल्या आणि बघ्यांत सगळा महाराष्ट्र. धुळ्यात जे कुळाचे होते ते इथे प्रांताचे झाले.

बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या कामगारांची छटपूजा अशीच. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी मोशीच्या इंद्रायणी घाटावर बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, दुसऱ्या पहाटे उगवत्याला. सुपात ऊस, केळी, ठेकुआ. मल्याळी कुटुंबांनी निगडीला श्रीकृष्णाचे मंदिर केरळच्या पद्धतीने बांधले; अय्यप्पाचे मंडलव्रत सुरू झाले की काळी वस्त्रे घातलेले, अनवाणी माणसे कंपनीच्या बसथांब्यावर दिसतात. शिखांचा गुरुद्वारा आकुर्डीत आहे. ख्रिस्ती कामगारांची चर्चे, मुस्लिम वस्त्यांतल्या मशिदी, बंगाल्यांची दुर्गापूजा. कुणी नियोजन केलेले नव्हते. प्राधिकरणाच्या मूळ आराखड्यात हे सगळे असणे शक्यच नव्हते.

सगळेच टिकले असेही नाही. कुदळवाडीतला भंगाराचा मोठा व्यवसाय अनेक वर्षे परप्रांतीय, विशेषतः उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हातात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने अनधिकृत म्हणून तिथली हजारो बांधकामे पाडली. ज्या वस्तीला कागद नाही, तिच्या सामाजिक आयुष्यालाही कागद नसतो. गाळा गेला की त्याच्या आधाराने जमलेली माणसे पांगतात.

आणि या सगळ्यांच्या मधून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला हा सोहळा देहूहून निघून निगडीमार्गे आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येतो. अमेरिकी उपदेशकाला वस्ती शोधत जावे लागे. इथे वस्तीच पालखीच्या रस्त्यावर येऊन बसली. कंपन्यांच्या गेटबाहेर कामगारांचे तंबू लागतात. केळी, राजगिऱ्याचे लाडू, पायांना मालीश, औषधपाणी, तुटलेल्या चपला शिवून देणे. त्या दोन दिवसांत कामगाराला आपल्या गावाकडची दिंडी शोधायची असते. परभणीच्या दिंडीत आपला चुलता दिसला की घरी नेऊन अंघोळ-जेवण घालायचे, मुलांना पाया पडायला लावायचे. सणासुदीला गावी जायला रजा न मिळालेल्या माणसाकडे गावच चालत येते.

वारकऱ्यांचा धर्म इथे नेहमीच एवढा सोशिक राहिला नाही, हेही नोंदवायला हवे. चाकणजवळ शिंदे-वासुली इथे डाऊ केमिकल कंपनीचे संशोधन केंद्र होणार होते. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबांनी साधना केली असे परंपरा सांगते, त्याच्या परिसरात. डाऊने २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतलेली, म्हणजे भोपाळची सावली सोबत. गावकऱ्यांबरोबर वारकरी उभे राहिले. बंडातात्या कराडकर हे त्यांतले प्रमुख नाव. जुलै २००८ मध्ये आंदोलकांनी बांधकामाच्या जागी जाळपोळ केली. शेवटी ते केंद्र तिथे झालेच नाही. जाळपोळीचे समर्थन करता येणार नाही. पण टाळ-मृदंगवाल्यांना उद्योगातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस एकदा पाहून यावा.

करमणुकीचे आयुष्य देवापासून फार दूर नव्हते. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांत भजन स्पर्धा आणि नाट्य स्पर्धा होत. आठ तास प्रेस चालवून आलेला माणूस सहा वाजता तालमीला हजर. संवाद पाठ करायचे ते मशीनच्या आवाजात, त्यामुळे यांच्या नटांना माईक लागत नाही, असे गमतीने म्हणत. यातूनच प्रेक्षक तयार झाला. चिंचवडचे रामकृष्ण मोरे नाट्यगृह भरू लागले. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तर जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्य संमेलन. पुण्याच्या काही रसिकांनी भुवया उंचावल्या असतील. ‘कामगारांच्या गावाला’ संमेलन पचेल का, हा प्रश्न खरे तर तीस वर्षे उशिरा विचारला गेला.

सरहद्द आता पुढे सरकली आहे. बजाजने १९९९ मध्ये चाकणला कारखाना काढला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्रा. शाएस्तेखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्याने लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांदा-बटाट्याचा बाजार एवढ्यासाठी ओळखले जाणारे चाकण आता जर्मन मोटारींच्या पत्त्यावर असते. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी इथे चाळींवर चाळी उभ्या आहेत. बाहेरून पाहिले तर साठ-सत्तरच्या दशकातल्या आकुर्डीचीच पुनरावृत्ती वाटावी. पण एक फरक मोठा आहे. आकुर्डीतला पाहुणा परमनंट झाला, त्याने सोसायटीत घर घेतले, मंडळ काढले, मुलगी इथेच दिली. चाकणच्या चाळीतला तरुण बहुधा ठेकेदाराच्या यादीवर असतो. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरी कंपनी, दुसरी खोली. त्याची वर्गणी घेतली जाते, पण मंडळाच्या कार्यकारिणीत त्याचे नाव नसते, कारण पुढच्या गणपतीला तो इथे असेल याची खात्री त्यालाही नाही. कानबाईची मिरवणूक काढायला, विहार बांधायला, नाटकाच्या तालमीला किमान पाच-दहा वर्षे एका जागी टिकलेली माणसे लागतात.

पिंपरीला एच. ए.चे मैदान आपसूक मिळाले, भोसरीला गावजत्रेचे. चाकणला २०१५ मध्ये नगर परिषद मिळाली, पण नगर परिषदेच्या हद्दीबाहेरच्या ज्या गावांत हे कामगार राहतात तिथे एकत्र बसायला खोलीबाहेरचा ओटा आणि चहाची टपरी याहून जास्त जागा सहसा सापडत नाही. वाहतूक कोंडी सोडवण्यासाठी रस्ते रुंद करण्याच्या योजना होतील, व्हायलाच हव्यात. त्याच नकाशावर ग्रामपंचायतींनी, औद्योगिक महामंडळाने आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीने दर दोन-तीन गावांमागे एक मोकळे मैदान आणि एक सार्वजनिक सभागृह आखावे, तेही आत्ताच, गुंठ्याचा भाव आणखी चढण्याआधी.